खनिज उत्पादनाचे दोन हिशेब : विदर्भातील मँगनीज आणि गोव्यातील लोहखनिज

प्रस्तावना

शेतातील पीक कापले तरी पुढील हंगामात जमीन पुन्हा देते. खाणीतून काढलेला दगड मात्र एकदाच विकता येतो. हे सर्वांना ठाऊक असूनही खाणव्यवसायाचे मोजमाप करताना आपण शेतीचीच भाषा वापरतो. 'यंदा उत्पादन इतक्या लाख टनांनी वाढले' असे शासकीय अहवालात छापले जाते, तेव्हा त्यातून समृद्धीचा अर्थ काढला जातो. वस्तुतः खाणीतील उत्पादनाचा प्रत्येक टन हा साठ्यातून वजा झालेला टन असतो. त्यामुळे दोन प्रदेशांच्या खाणव्यवसायाची तुलना केवळ टनांच्या आकड्यांवर करणे इतिहासदृष्ट्या अपुरे ठरते.

प्रस्तुत लेखात मराठी भाषकांच्या परिचयाच्या दोन खाणप्रदेशांची तुलना केली आहे. पहिला प्रदेश नागपूर-भंडारा पट्ट्यातील मँगनीजचा, दुसरा गोव्यातील लोहखनिजाचा. पहिला ब्रिटिश अमलाखाली उभा राहिला, दुसरा पोर्तुगीज अमलाखाली. दोन्हीकडील माल प्रामुख्याने परदेशी पोलाद कारखान्यांसाठी काढला जाऊ लागला. पुढे मात्र दोघांची वाट वेगळी झाली. ती का झाली आणि त्यातून आजच्या महाराष्ट्राने काय घ्यावे, हा या लेखाचा विषय आहे.

तुलनेची एक मर्यादा आरंभीच नोंदविली पाहिजे. मँगनीज व लोहखनिज यांचा टनामागील भाव, साठ्यांचे आकारमान आणि उत्खननाची पद्धत भिन्न आहे. म्हणून येथे टनास टन लावून पाहिलेले नाही. मालकी कोणाकडे होती, उत्पादनाचा चढउतार कशावर अवलंबून होता, कच्च्या मालाचे पक्क्या मालात रूपांतर कोठे झाले आणि सार्वजनिक तिजोरीत काय उरले, या चार निकषांवर तुलना आधारलेली आहे.

भूशास्त्रीय पार्श्वभूमी

महाराष्ट्राचा सुमारे ऐंशी टक्के भूभाग दख्खनच्या लाव्हाजन्य काळ्या पाषाणाने झाकलेला आहे. मराठवाड्यात मुकुंदवाडी-चिकलठाण्यासारख्या परिसरात विहीर खणली की हाच पाषाण लागतो. त्यातून बांधकामाची खडी मिळते, धातुखनिज मिळत नाही. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत पोलादाचे सुटे भाग घडतात, जालन्यात सळ्यांच्या गिरण्या चालतात. पण पोलादाच्या मुळाशी असलेली खनिजे या भूमीतील नाहीत. लाव्हाचे आवरण जेथे संपते आणि त्याहून प्राचीन खडक उघडे पडतात, तेथेच खाणी सुरू होतात. पूर्व विदर्भातील सौसर श्रेणीच्या खडकांत मँगनीज आहे. दक्षिणेस सिंधुदुर्ग ओलांडून गोव्यात गेल्यावर डिचोली, सत्तरी, सांगे व केपे या तालुक्यांत लोहखनिजाचे साठे आहेत. मराठवाड्यातील वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण असे भूशास्त्रीय आहे. आर्थिकदृष्ट्या तो तितका दूरचा नाही.

मालकीचे दोन कायदे

मध्य प्रांतात खनिजांवरील हक्क सरकारने स्वतःकडे राखला होता. खाण चालविणाऱ्या कंपनीला ठरावीक मुदतीचा पट्टा मिळे आणि काढलेल्या मालावर तिला स्वामित्वधन भरावे लागे. १८९६ मध्ये स्थापन झालेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर नागपूर जिल्ह्यात मँगनीजच्या खाणी सुरू केल्या. मनसर, कांद्री, बेलडोंगरी, गुमगाव, भंडारा जिल्ह्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग, तसेच शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातील खाणी ही या व्यवसायाची ठाणी होत. १९२४ मध्ये या सिंडिकेटची जागा सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओर कंपनीने घेतली. भांडवल व नफा परकीय होते, यात शंका नाही. परंतु पट्ट्याला मुदत होती आणि भूगर्भातील संपत्तीचा अंतिम मालक शासनच आहे, हे तत्त्व कायद्यात अबाधित होते. उद्या शासन बदलले तर मालकीही नव्या शासनाकडे जाणार होती.

गोव्यात याच्या उलट घडले. २० सप्टेंबर १९०६ च्या पोर्तुगीज फर्मानाने खनिजसाठा शोधून काढणाऱ्या व्यक्तीला 'कन्सेशन' मिळू लागले आणि त्याला मुदतीची मर्यादा नव्हती. ठरलेले शुल्क भरले जात असेपर्यंत तो हक्क चालू राही आणि वारसांकडे जाई. खनिज सार्वजनिक आहे ही कल्पना कागदावर असली, तरी व्यवहारात कन्सेशन ही खाजगी मिळकतच बनली. या फर्मानानंतर कित्येक दशके गोव्यात मोठे उत्खनन झाले नाही, म्हणून त्या तरतुदीचे गांभीर्यही कोणाच्या ध्यानात आले नाही.

१९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि १९६३ मध्ये भारतीय खाण कायदा तेथे लागू करण्यात आला. तरीही जुन्या कन्सेशनांचे स्वरूप काय, हा वाद दीर्घकाळ न्यायालयांत चालला. अखेर १९८७ मध्ये संसदेने कायदा करून ही कन्सेशने रद्द केली आणि त्यांचे खाणपट्ट्यांत रूपांतर केले. विदर्भात जे तत्त्व पहिल्या कुदळीबरोबर होते, ते गोव्यात यायला ऐंशी वर्षे लागली. दरम्यान काही मोजक्या घराण्यांभोवती आणि कंपन्यांभोवती संपूर्ण अर्थव्यवस्था उभी राहिली होती.

उत्पादनाचा आलेख

मध्य प्रांतातील मँगनीजला पहिली मोठी संधी रशियातील अस्थिरतेमुळे लाभली. त्या काळी जगाला मँगनीज पुरविणारा प्रमुख प्रदेश कॉकेशस हा होता. १९०५ च्या क्रांतिकारी उलथापालथीने तेथील पुरवठा विस्कळीत झाला आणि युरोपीय पोलाद कारखान्यांचे लक्ष भारताकडे वळले. १९०७ मध्ये भारताचे उत्पादन सुमारे नऊ लाख टनांवर गेले आणि भारत जगातील पहिल्या दोन उत्पादकांत गणला जाऊ लागला. त्यात मध्य प्रांताचा वाटा सर्वांत मोठा होता. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील लुईस ले फर्मर यांचा भारतीय मँगनीज साठ्यांवरील प्रचंड प्रबंध १९०९ मध्ये प्रकाशित झाला, तो याच भरभराटीच्या पार्श्वभूमीवर.

ही भरभराट किती परावलंबी होती, हे पुढील मंदीने दाखवून दिले. १९२७ मध्ये भारताचे उत्पादन अकरा लाख टनांच्या आसपास होते. १९३२ मध्ये ते दोन लाख टनांच्या जवळ घसरले. पाच वर्षांत खडक बदलला नव्हता, खाणी आटल्या नव्हत्या. बदलली होती ती युरोप-अमेरिकेतील पोलादाची मागणी. मनसर किंवा चिखला येथील मजुराच्या चुलीचा संबंध परदेशातील भट्ट्यांशी जोडला गेला होता आणि त्या भट्ट्या विझल्या तेव्हा त्याचा रोजगार गेला.

गोव्याचा आलेख उशिरा सुरू होतो आणि अधिक तीव्रतेने चढतो. १९४० च्या दशकाच्या अखेरीस व्यापारी प्रमाणावर निर्यात सुरू झाली. युद्धानंतर पुन्हा उभे राहणारे जपान व पश्चिम जर्मनी येथील पोलाद उद्योग हे मुख्य ग्राहक होते. १९५० च्या दशकात भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, त्यामुळे पोर्तुगीज प्रशासनाच्या दृष्टीने खनिज निर्यातीचे महत्त्व आणखी वाढले. १९६१ पर्यंत वार्षिक निर्यात साठ लाख टनांपलीकडे गेली होती. म्हणजे जी मजल गाठायला इतरत्र पिढ्या जातात, ती गोव्याने जेमतेम बारा-तेरा वर्षांत गाठली.

दुसरी उसळी एकविसाव्या शतकात चीनच्या मागणीने आली. पूर्वी टाकाऊ समजला जाणारा कमी लोहांशाचा मालही विकला जाऊ लागला आणि जुन्या ढिगाऱ्यांनाही किंमत आली. २०१०-११ मध्ये गोव्यातील बंदरांतून पाच कोटी टनांहून अधिक लोहखनिज बाहेर गेले. त्यातील काही माल कर्नाटकातील होता, तो वगळला तरी गोव्याचा स्वतःचा माल चार कोटी टनांवर भरतो. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती. अर्थात त्या एका वर्षात माणशी सत्तावीस टनांहून अधिक खनिज राज्याबाहेर गेले. शिवाय खनिजाच्या प्रत्येक टनामागे साधारण अडीच ते तीन टन माती-दगड उपसून बाजूला टाकावे लागतात, ते वेगळेच.

त्यानंतरचा आलेख सरळ शून्यावर येतो. न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाचा गोव्याविषयीचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत मांडला गेला. राज्य शासनाने त्याच महिन्यात खाणी थांबविल्या आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने असे ठरविले की, १९८७ च्या कायद्याने मानलेल्या पट्ट्यांची नूतनीकरणासह मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती आणि त्यानंतरचे उत्खनन बेकायदेशीर होते. राज्याने पुढे नूतनीकृत केलेले ८८ पट्टे ७ फेब्रुवारी २०१८ रोजी रद्द झाले आणि मार्चमध्ये खाणी पुन्हा थांबल्या. कर्ज काढून घेतलेले ट्रक आणि बार्ज जागेवर उभे राहिले. डिसेंबर २०२२ मध्ये पहिल्या चार खाणपट्ट्यांचा लिलाव झाला आणि २०२४ पासून काही ठिकाणी उत्खनन पुन्हा सुरू झाले.

याच काळात विदर्भात काय घडले? १९६२ मध्ये ब्रिटिश कंपनीच्या खाणी घेऊन मँगनीज ओर इंडिया लिमिटेड, म्हणजे आजची मॉइल, ही कंपनी स्थापन झाली. आरंभी जुन्या कंपनीकडे ४९ टक्के भाग होते. १९७७ मध्ये तेही शासनाने घेतले. डिसेंबर २०१० मध्ये कंपनीचे काही भाग बाजारात विक्रीस आले, तरी बहुमत शासनाकडेच राहिले. २०२३-२४ मध्ये तिचे उत्पादन साडेसतरा लाख टनांच्या घरात होते. त्यात मध्य प्रदेशातील बालाघाटच्या खाणींचा वाटा मोठा आहे. गोव्याच्या शिखराशेजारी हा आकडा नगण्य दिसतो. परंतु सव्वाशे वर्षांनंतरही मनसर, कांद्री, चिखला, डोंगरी बुजुर्ग ही नावे चालू खाणींच्या यादीत आहेत. काही खाणी भूमिगत झाल्या, पण त्या थांबल्या नाहीत.

वाहतूक आणि मूल्यवर्धन

खनिज प्रदेशाबाहेर कोणत्या वाटेने जाते, यावरून त्याच्या अर्थकारणाची दिशा कळते. मध्य प्रांत समुद्रापासून दूर. तेथील मँगनीज रेल्वेने मुंबई किंवा कोलकात्याला न्यावे लागे आणि भाड्यातच मोठी रक्कम खर्ची पडे. ७ ऑक्टोबर १९३३ रोजी सुरू झालेल्या विशाखापट्टणम बंदराच्या उभारणीमागे याच मँगनीजच्या निर्यातीचा विचार प्रमुख होता. नागपूरच्या दगडासाठी पूर्व किनाऱ्यावर बंदर बांधले गेले, ही वसाहतकालीन नियोजनाची बोलकी खूण आहे.

गोव्याला निसर्गानेच वाट दिली होती. डिचोली-सत्तरीचा माल मांडवीतून आणि सांगे-केप्याचा जुवारीतून बार्जने थेट मुरगाव बंदरात जाई. इतक्या स्वस्त वाहतुकीमुळे गोव्याचा कमी प्रतीचा मालही जागतिक बाजारात टिकला. मात्र हीच सोय मूल्यवर्धनाच्या आड आली. दगड जसा निघेल तसा जहाजावर चढविणे फायद्याचे असताना पोलाद करण्याचा खटाटोप कोण करणार? आमोणे येथील कच्च्या लोखंडाच्या कारखान्यासारखे मोजके अपवाद सोडता गोव्याचे लोहखनिज कच्चेच निघून गेले.

विदर्भात चित्र किंचित बरे आहे, समाधानकारक नाही. डोंगरी बुजुर्ग येथे बॅटरीसाठी लागणारा मँगनीज डायॉक्साइड तयार होतो. चंद्रपूरचा महाराष्ट्र इलेक्ट्रोस्मेल्ट हा फेरो-मँगनीजचा कारखाना २०११ मध्ये स्टील ॲथॉरिटीत विलीन झाला आणि तो आजही चालू आहे. स्वातंत्र्योत्तर काळात मँगनीजची मुख्य गिऱ्हाइके देशातीलच पोलाद उद्योग बनले, त्यामुळे १९३२ सारखा आघात पुन्हा झाला नाही. तरीही खाणींभोवती रामटेक-तुमसर पट्ट्यात मोठे औद्योगिक शहर उभे राहिले नाही. सार्वजनिक मालकीने साठा राखला. त्याभोवतीचा प्रदेश तिने घडविला, असे म्हणता येत नाही.

तिजोरीत काय उरले?

गोव्यातील व्यवहाराचा खरा हिशेब येथे लागतो. ऑगस्ट २००९ पर्यंत लोहखनिजावरील स्वामित्वधन टनामागे ठरावीक रुपयांत आकारले जाई आणि सर्वोत्तम प्रतीच्या मालासाठीही ते तीस रुपयांहून कमी होते. जागतिक भाव चढत गेला, तरी शासनाचा वाटा जागचा हलला नाही. २००९ मध्ये तो विक्रीमूल्याच्या दहा टक्के व २०१४ मध्ये पंधरा टक्के करण्यात आला. तोवर चीनच्या मागणीची पहिली लाट निघून गेली होती. शहा आयोगाने गोव्यातील नुकसान सुमारे ३५ हजार कोटी रुपये मांडले. खाणमालकांनी या आकड्यास आक्षेप घेतला आणि तो वाद येथे सोडविण्याचे कारण नाही. टनामागे तीस रुपयांच्या आतला दर हा वादातीत आहे आणि निष्कर्षाला तेवढा पुरेसा आहे.

झाडाझडती केवळ रुपयांची नाही. शिरगावसारख्या गावांत खाणींचे खड्डे भूजलपातळीच्या खाली गेले. विहिरी आणि झरे आटले, शेतात गाळ आला. शेती हे दरवर्षी येणारे उत्पन्न होते, खाण हे एकदाच येणारे. एकदाच येणाऱ्या उत्पन्नासाठी दरवर्षी येणारे उत्पन्न गमावले गेले आणि राज्याच्या उत्पादनाच्या आकडेवारीत या गमावण्याची वजाबाकी कोठेच झाली नाही.

२०१४ च्या निकालातील एक तरतूद इतिहासात टिकेल अशी आहे. न्यायालयाने खनिज विक्रीच्या रकमेतील दहा टक्के भाग पुढील पिढ्यांसाठी कायमस्वरूपी निधीत ठेवण्यास सांगितले आणि वार्षिक उत्खननावर दोन कोटी टनांची अंतरिम मर्यादा घातली. खनिज आजच्या पिढीचे एकटीचे नाही, हे तत्त्व त्यामुळे प्रथमच आकड्यांत उतरले. २०१५ च्या कायदादुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन झाले आणि स्वामित्वधनाच्या प्रमाणात काही रक्कम खाणबाधित जिल्ह्यात खर्च करणे बंधनकारक झाले. विदर्भातील खाणगावांना स्वतःच्या दगडाचा असा थेट वाटा मिळण्यास शतकाहून अधिक काळ लोटला.

आफ्रिकेतील एक दाखला

मालकी शासनाकडे आली की प्रश्न सुटतो, असा निष्कर्ष येथे काढण्याचा मोह होईल. त्यास आफ्रिकेतील दोन देशांचा अनुभव आवर घालतो. झांबियाच्या तांब्यावरील स्वामित्वधन १९६४ च्या स्वातंत्र्याच्या उंबरठ्यापर्यंत ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनी घेत होती. स्वतंत्र झांबियाने १९६९ नंतर खाणींत बहुमताची मालकी घेतली. १९७० च्या सुमारास सात लाख टनांपलीकडे असलेले तांब्याचे उत्पादन २००० पर्यंत अडीच लाख टनांच्या जवळ आले. भाव कोसळले, कर्ज वाढले, यंत्रसामग्रीत गुंतवणूक झाली नाही. पुढे खाणी विकताना कित्येक करारांत स्वामित्वधनाचा दर अवघा ०.६ टक्के ठेवला गेला. भाव पुन्हा वाढले तेव्हा त्याचा लाभ अर्थातच इतरांनी घेतला. गोव्याच्या ठरावीक रुपयांशी याचे साम्य लपत नाही.

बोत्सवाना १९६६ मध्ये स्वतंत्र झाला आणि पुढील वर्षी ओरापा येथे हिरे सापडले. त्याच वर्षीच्या कायद्याने खनिजाचे हक्क टोळ्यांकडून राष्ट्राकडे आले. खाण कंपनीत शासनाचा भाग १५ टक्क्यांवरून १९७० च्या दशकात ५० टक्क्यांवर गेला. १९९४ मध्ये 'पुला फंड' हा राखीव निधी उभारण्यात आला. खनिजाच्या उत्पन्नातून शाळा, रस्ते व दवाखाने बांधायचे, हे धोरण तेथे सातत्याने राबविले गेले. तरीही २०२३ नंतर हिऱ्यांची मागणी घटताच त्या देशाला मोठी ओढाताण सोसावी लागली. एका खनिजावर उभा असलेला देश सुजाण कारभारानेही पूर्ण निर्धास्त होत नाही, हा त्याचा अर्थ होय.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील बाबी स्पष्ट होतात.

१. विदर्भ व गोवा यांच्या वाटा वेगळ्या होण्यामागे खडकापेक्षा कायद्याचा भाग अधिक आहे. मुदतीचा पट्टा आणि बेमुदत कन्सेशन या फरकाचे परिणाम शंभर वर्षे टिकले.

२. उत्पादनाचा वेग हा यशाचा पुरावा नव्हे. गोव्याने एका वर्षात जेवढे टन पाठविले, तेवढे काढायला विदर्भातील मँगनीज खाणींना आजच्या वेगाने वीसहून अधिक वर्षे लागतील. परंतु थांबण्याची वेळ गोव्यावर आली.

३. सार्वजनिक मालकी आवश्यक असली तरी पुरेशी नाही. भावाशी जोडलेले स्वामित्वधन, स्थानिक मूल्यवर्धन आणि भावी पिढ्यांचा निधी यांची जोड नसेल, तर मालक बदलतो, पण गावाचे दैव बदलत नाही.

हा प्रश्न महाराष्ट्रापुढे आज पुन्हा उभा आहे. गडचिरोली जिल्ह्यातील सुरजागड येथे २००७ मध्ये लोहखनिजाचा पट्टा देण्यात आला, २०२१ नंतर उत्खननास वेग आला आणि २०२३ मध्ये वर्षाला एक कोटी टन उत्पादनास पर्यावरणीय मंजुरी मिळाली. त्या डोंगरावर माडिया गोंडांच्या ठाकूरदेवाचे स्थान आहे. तेथील खनिजाचे पोलाद जिल्ह्यातच व्हावे, असा शासनाचा आग्रह आहे आणि गोव्याच्या अनुभवाकडे पाहता तो योग्यच आहे. परंतु पोलादाच्या कारखान्याबरोबर आणखी दोन गोष्टी मागितल्या गेल्या पाहिजेत : उत्खननाची वार्षिक मर्यादा, आणि त्या डोंगराखाली राहणाऱ्यांच्या नातवंडांच्या नावाने राखलेला निधी. गोव्यात या दोन्ही गोष्टी न्यायालयाला सांगाव्या लागल्या, त्याही डोंगर पोखरून झाल्यावर. गडचिरोलीत त्या आरंभीच ठरविता येतील, कारण तेथील बहुतांश दगड अजून जमिनीतच आहे.